आईची सोय

मुलाखत आठवड्यावर आली तसा लेकीचा पाय घरातून निघेना. वडील गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच होत्या. परदेशी विद्यापीठात जाऊन समुद्री शेवाळावर संशोधन करायचं, हा ध्यास लेकीचा; पण अर्ज करायला हात धुऊन मागे लागली ती आई. नर्स म्हणून जन्म काढलेली बाई, कुणाला अंथरुणावरून उठवायचं म्हटलं की उठवणारच.

हल्ली मात्र आईचं काहीतरी बिनसलं होतं. स्वयंपाकघरात ती एकटीच बोलायची, मध्येच हसायची. लेक आत आली की गप्प. एकदा लेक कामावरून लवकर परतली, तर ओट्यावर चहाचे दोन कप.

"दुसरा कुणाचा?"

"सवयीनं ओतला गं," म्हणत आईने तो घाईघाईने मोरीत रिकामा केला.

लेकीने तो कप विसळून ठेवला. आई अजून बाबांचा कप भरत होती.

खाली चष्म्याचं दुकान होतं. दुकानवाले काका विधुर, मितभाषी, जिन्यात भेटले तर अंग चोरून वाट देणारे. लेकीने त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. मी गेले तर आईकडे अधूनमधून बघाल का, असं भीत भीत विचारलं.

काका बराच वेळ एकच काच पुसत राहिले. "तिची काळजी तू करू नकोस," मान वर न करता ते म्हणाले.

लोक असंच म्हणतात, तिला वाटलं. वेळेला कोण उभं राहतं?

मुलाखतीत पडद्यावरच्या प्राध्यापिकेने विचारलं, आमच्याकडेच का यायचंय? उत्तर तोंडपाठ होतं. लेकीने ते गिळलं. खरं तर फारसं मनात नाही, एवढंच बोलली. मग न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडली आणि तोंड धुऊन आईला, मुलाखत छान झाली म्हणाली.

नकार आला त्या संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं.

"तुला एकटं टाकून कशी जाऊ? आता मी कुठेच जायची नाही. कायम इथेच."

आईचे डोळे भरून आले. तिने लेकीला घट्ट जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग पदराने डोळे टिपत ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि खाली दुकानाकडे हाक दिली,

"अहो, वर या. आपली पोर काही जात नाही. लग्न आता तिच्यासमोरच करावं लागणार."