कोंडाजीचं ‘हाय’

या, असे पुढं सरकून बसा. चपलांपाशी बसलात तर गोष्ट कानावर पडेल, पण पोटात उतरायची नाही. तर हिंजवडीजवळच्या माण गावात, मारुतीच्या मंडपात गेणबाबुवा कीर्तनाला उभे राहिले होते, आणि मनाशी ठरवूनच आले होते, की हे शेवटचं. आरती झाली की चिपळ्या मारुतीच्या पायाशी ठेवायच्या आणि घरी जायचं.

कारण समोरच्या खांबापाशी कोंडाजी नव्हता.

कोंडाजी म्हणजे बुवांचा लंगोटीयार. निरूपण रंगात आलं की बुवांनी उपरणं वर उडवावं, “देव हितं हाय का?” म्हणून विचारावं, आणि खांबाला टेकलेल्या कोंडाजीनं असं “हाय” ठोकावं, की मंडपाचे पत्रे थरथरावेत. त्या एका शब्दावर बुवांचं कीर्तन उभं राहायचं. कोंडाजीची नजर बुवांच्या तोंडावरून हलायची नाही. भक्तीचा भर कधी कधी जरा जास्तच व्हायचा. एकदा बुवांनी नुसती माशी हाकलायला उपरणं उडवलं, तरी गडी “हाय” म्हणून मोकळा.

देवळाबाहेर मात्र त्याचं नाव बरं नव्हतं. हिंजवडीत कंपन्या आल्या, कोंडाजीनं वावरात खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, आणि तेव्हापासून म्हणे तो कुणाच्या हाकेला ओ देईना. “शेठ झालाय त्यो आता,” असं मृदंग वाजवणारा रामदास चारचौघांत म्हणायचा. कोंडाजी आपला हसून पुढं जायचा. गेल्या पौषात तो वारला. त्यानंतरही बुवांनी कीर्तनात विचारून पाहिलं, देव हितं हाय का. मंडळींनी मोबाइलमधून मान वर केली नाही.

त्यात आज पाहुणे. बुवांची पुतणी सुलक्षणा हिंजवडीत जपानी दुभाष्याचं काम करायची. जपानहून इथल्या कॉलेजात पाहुणी आलेली पोरं-पोरी ती कीर्तन दाखवायला घेऊन आली होती. त्यांनी आपापले बूट तोंड बाहेर करून ओळीत लावले, आणि गुडघे मोडून अशी ताठ बसली, की रामदासला राहवलं नाही.

“बुवा, आपल्या मंडळींनी शिकावं कायतरी. अजून एकानंबी भिंतीला पाठ टेकली न्हाई.”

कोतोने नावाची एक मुलगी नेमकी त्या खांबापाशी बसली. ती जागा बुवांना मोकळीच हवी होती. पण पाहुण्याला ऊठ कसं म्हणायचं?

कीर्तन सुरू झालं. बुवा ओढूनताणून बोलत होते, मंडळी ओढूनताणून ऐकत होती. मधेच सवयीनं हात वर गेला, उपरणं उडालं आणि शब्द तोंडातून निसटले. “देव हितं हाय का?” विचारलं आणि बुवांना वाटलं, जीभ चावावी.

“हाय,” खांबापासून आवाज आला.

बारीक, पण खणखणीत. बुवांच्या चिपळ्या हातातल्या हातात थांबल्या. सगळ्या माना वर झाल्या. कोतोने त्यांच्या तोंडाकडं टक लावून पाहत होती. बुवांनी घसा खाकरून पुन्हा विचारलं, “तुज्यात हाय का, बाय?”

“हाय.”

“आन् ह्या रामदासात?”

“हाय.”

“हितं मातुर मला जरा शंका हाय,” बुवा म्हणाले, आणि मंडप खदखदून हसला. मग काय विचारता. रामदासनं चिडून मृदंगावर अशी थाप मारली, की कीर्तन जे चढलं ते चढलंच. कंपनीच्या कॅबवाले गाड्या कडेला लावून दारात उभे राहिले.

आरती झाली. बुवा हसऱ्या चेहऱ्यानं घाम पुसत होते. सुलक्षणा हळूच जवळ आली.

“तात्या, रागावू नका, पण तिला तुमचं एक अक्षर कळलेलं नाही. त्यांच्यात ‘हो’ला ‘हाय’ म्हणतात. कुणी आपल्याकडं बघून बोललं, की माझं लक्ष आहे एवढंच सांगायला ‘हाय’ म्हणायचं.”

रामदासला ऐतंच सापडलं. “म्हंजे बुवा, एवडा येळ तुमी खांबालाच इचारत हुता म्हना की.”

मारुतीच्या पायाशी ठेवायला काढलेल्या चिपळ्या बुवांनी परत झोळीत टाकल्या. कोतोनेच्या ओंजळीत दोन मुठी प्रसाद घातला. मग रामदासकडं वळले.

“आरं, कोंडाजीला तरी कुटं कळत हुतं? खोल्या बांधल्या त्याच साली त्येचे कान गेले. कुनाला सांगू नगं म्हनला, बहिरा म्हनून कीर्तनातनं उठवतील. माज्या उपरन्याकडं बगून ‘हाय’ म्हनायचा त्यो.”

तर मंडळी, पुढच्या कीर्तनात बुवांनी देव आहे का विचारलं, तर त्या खांबापाशी बसणाऱ्याची आठवण ठेवा, आणि त्याच्या वतीनं एकदा ओ द्या.