बिनवाऱ्याचं घर

अंकुश आला तेव्हा इतवारी अंगणात उन्हाला बसली होती. मांडीवर नात. तिला चमच्या-चमच्यानं दूध पाजणं चाललं होतं. लेकीला माती दिल्यापासून इतवारी घरात गेली नव्हती. रांधणं, झोपणं, सगळं बाहेर छपरीत. समोर तिचं नवं घरकुल उभं होतं, गुलाबी रंगाचं, स्लॅबचं, दार सताड उघडं.

अंकुश तिचा जावई, पण त्याआधी सख्ख्या भावाचा पोरगा. भावाच्या घरी लेक द्यायची ही त्यांच्यातली रीत. म्हणून लग्नानंतरही तो तिला आत्याच म्हणायचा. त्याला पाहताच तिनं नातीवर पदर ओढला. आता हा पोरीला मागणार. आणि नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? याची बायको तर आपल्याच हातून गेली.

आणि हातांनी तरी असं काय वेगळं केलं होतं! बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवायचं, अंग शेकायचं, वारा लागू द्यायचा नाही. हे तिच्या आईनं केलं, तिनं केलं, अख्ख्या गावानं केलं. जुन्या कुडाच्या घरात कधी कुणाला काही झालं नाही. भिंत आणि छपरावरच्या कवेलूंच्या मध्ये हात जाईल एवढी फट असायची, त्यातून सगळं आपल्या वाटेनं निघून जायचं. त्या फटीला इतवारी जन्मभर शिव्या देत आली. थंडी तिथूनच यायची आणि सापही तिथूनच.

म्हणून घरकुल बांधताना ठेकेदाराचा माणूस म्हणाला, वर भोकं सोडायची झंझट कायले, तेव्हा ही बाई खूश झाली. "नोको सोडू बापा, बुजवूनच टाक." त्याचं काम वाचलं, हिला बिनवाऱ्याचं घर मिळालं. पास करायला आलेले साहेब मोटारसायकलवरून खालीसुद्धा उतरले नाहीत. बसल्या बसल्या समोरून फोटो काढला आणि चालते झाले. मग इतवारीनं हौसेनं लेकीला बाळंतपणाला बोलावून घेतलं.

त्या सकाळी तिनं घमेलं नव्यानं भरलं, बाजेखाली सरकवलं आणि बाळाला तेल लावायला उन्हात आणलं. करिश्मा आतून म्हणाली, "माय, डोक्स लय जड लागून राह्यलं."

"झोप थोडी. रातभर जागली तू," असं म्हणत इतवारीनं दार ओढून घेतलं. थंडी आत जाऊ नये म्हणून. खिडकी तर आधीपासूनच बंद. पोर न्हाऊन-माखून झोपली. इतवारीनं दार उघडलं तर करिश्मा उठेना. धानोऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, निखाऱ्यांचा गॅस कोंडला. खोलीत हवा खेळायला जागाच नव्हती.

काल साहेब पुन्हा आले. या खेपेला उतरले, आत गेले, मान वर करून पाहिलं. "नकाशात झरोके आहेत की! तुम्ही का सोडले नाहीत?" कुणाला विचारलं, तर इतवारीला! जिला नकाशा कुणी कधी दाखवला नाही, तिला! जाताना भिंतीवर थाप मारून म्हणाले, घर मजबूत आहे, काळजी करू नका.

अंकुश तिच्यासमोर उकिडवा बसला. पोरीचा पाय बोटांत धरून नुसता बघत राहिला.

"बोल ना बाबू," इतवारी म्हणाली. "शिव्या दे मले. मीच मारली तिले."

"तू काऊन मारशील आत्या? तुले कोणी सांगतलं होतं काय?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. इतवारीला हुंदका आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला.

"आयक," तो म्हणाला, "मी पोरीले न्यायले नाई आलो. तुह्यापाशीच राहू दे तिले. तुले तरी आता कोण आहे? आन् आमच्या घरी थंडी लय. कुडाचं घर, चारी अंगानं वारा येते. एवढंसं लेकरू टिकणार नाई तिथी. इथी पक्कं घर आहे. फक्त निखारे नोको ठेवू, बस."

इतवारीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. हेच तर हवं होतं तिला. याच्यासाठीच तर इतके दिवस जीव टांगणीला लागला होता. करिश्माची जिवणी, करिश्माचीच हनुवटी. हे एवढंच उरलं होतं तिच्या लेकीचं, आणि ते कुणी मागत नव्हतं; उलट तिच्याच पदरात टाकत होतं. ती पोरीच्या टाळूवर गाल ठेवून बसून राहिली. मग तिची नजर समोर उघड्या दाराकडे गेली. आतली बाज अजून तिथंच होती.

तिनं स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढली. पोरीला नीट गुंडाळलं, कान झाकले आणि अंकुशच्या हातात दिलं.

"चारी अंगानं येते ना वारा?"

"हो आत्या, म्हणूनच त म्हणतो..."

"मंग तिकडंच ने, बाबू."