खालच्या आजोबांचा रेडिओ

कारखान्यातून कमी केल्यापासून तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. एकदा बायकोने शेजारच्या वहिनींचा मिक्सर त्याच्यापुढे आणून ठेवला. "बंद पडलाय म्हणे. बघता का जरा?" तासाभरात त्याने तो चालू करून दिला. मग कुणाची इस्त्री आली, कुणाचा टेबलफॅन. तो रोज दाढी करू लागला, भाजीला नावं ठेवण्याइतका माणसात आला.

आज जिन्यात वहिनी भेटल्या. "मिक्सर नीट चालतोय ना आता?" त्याने ऐटीत विचारलं.

"त्याला काय झालं होतं, भावोजी? तुमचा बिघडला म्हणून ताई मागून घेऊन गेल्या होत्या ना!"

तो घरी आला तर बायको रेडिओ घेऊन वाटच बघत होती. "खालच्या आजोबांचा. आवाजच गेला म्हणे अचानक."

त्याने मागचं झाकण उघडलं. आतली वायर सरळ कापलेली होती, घरातल्या कात्रीने कापावी तशी. जोडायला दोन मिनिटं पुरली असती.

"अवघड आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "चार-पाच दिवस तरी जातील."

तेवढे दिवस तिला कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार नव्हतं.