काचपट्टीवरची गाठ

बाबा गेल्यापासून लॅबमध्ये ती त्यांच्याच मायक्रोस्कोपवर बसायची आणि कामापुरतंच बोलायची. आज काचपट्टीवर चार वर्षांच्या मुलीच्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा होता. असली दुर्मीळ गाठ तिने आजवर फक्त पुस्तकात पाहिलेली. तिने पेशी पुन्हा पुन्हा निरखल्या, जनुकांचा रिपोर्टही ताडून पाहिला.

मागून लॅबमधले जुने काका म्हणाले, "ग्रेड एकच ना, ताई? वाचली म्हणायची पोर!"

ती दचकली. "अहो काका, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"नाही कसं? मघापासून गुणगुणताय की! गाठ सौम्य निघाली की सरही असेच सुरू व्हायचे."

"बाबा? अगदी असेच?"

"अगदी! एक सूर म्हणून जागेवर नाही."