गंजाची बोटं

"चाकाला कोणी हात लावला?" नाना कामाच्या खोलीतूनच गरजले.

निवृत्तीनंतर त्यांना छोटी इंजिनं बनवायचा नाद लागला होता. महिनाभर खपून केलेलं स्टीलचं चाक आरशासारखं चकाकत होतं, आणि त्यावर गंजाची चार बोटं उमटली होती. काहींच्या हाताला असा खारट घाम असतो की त्यांनी स्टीलला हात लावला तर दुसऱ्या दिवशी तिथे गंज धरतो. घरात तसे हात एकट्या मेहुण्याचे.

"भाऊजी, मी आठ दिवस बाहेरगावी होतो हो!" मेहुणा काकुळतीला आला.

"काही झालं की माझाच भाऊ दिसतो तुम्हाला," बायको फणकारली.

नानांनी धाडकन दार लावून आतून कडी घातली. स्टीलचा नवा, काळ्या सालीचा जाडजूड दांडा कातकामाच्या लेथवर चढवला. आता बघतोच कोण हात लावतो ते!

पहिला थर उतरला. खालच्या कोऱ्या स्टीलवर गंजाची चार बोटं होती.

नानांचं टाळकं सरकलं. त्यांनी दुसरा थर काढला. बोटं गेली नाहीत, उलट ठळक झाली. तिसऱ्या थराखाली अंगठाही आला. शिव्या घालत, दातओठ खात ते कापत राहिले. दांडा निम्मा झाला तेव्हा लेथ बंद करून त्यांनी वाकून पाहिलं.

आता बोटं नव्हती. बंद दार ठोठावताना मूठ जशी टेकते, तसे एका ओळीत चार गोल डाग होते.

"कोण आहे?" नाना सवयीने खेकसले.

शेजारी आणखी चार उमटले.