वाढता चौकोन

"माणूस पडला तिथेच शोधत बसू नका. पाणी त्याला कुठे नेईल ते आधी ठरवा, आणि तिथून चौकोन वाढवत न्या."

नौकानयन शिकवणाऱ्या कॅप्टन हिंदुरावांचा खर्जातला आवाज सकाळपासून उन्मेषच्या कानात घुमत होता. फरक एवढाच, की इथे समुद्र नव्हता. हे बदलापुरातलं कात्रप होतं, आणि हरवले होते त्याचे वडील.

अण्णांना आताशा माणसं ओळखू येत नसत. पहाटे दार सताड उघडं टाकून ते निघून गेले होते. उन्मेष बोटीवर सेकंड ऑफिसर, नुकताच रजेवर आलेला. त्याने स्कूटर काढली आणि शिकल्याबरहुकूम शोध सुरू केला. म्हातारा माणूस, गर्दी ढकलेल तिकडेच जाणार. म्हणून आधी स्टेशन. मग बाजाराभोवती एक चौकोन, मग त्याहून मोठा, मग कुळगावला वळसा घालून आणखी मोठा. प्रत्येक बाकावर भलताच कुणी म्हातारा. ऊन चढलं. नदीच्या पुलावर घोळका दिसला, तेव्हा गाडी तशीच आडवी टाकून तो कठड्याकडे धावला. खाली कुणीतरी गळाने मासे धरत होतं, इतकंच.

तिथूनच त्याने बायकोला फोन लावला. "उमा, संपलं गं. कुठ्ठेच नाहीत."

"अरे, अण्णा काय ओंडका आहेत वाहत जायला?" उमा रडत रडतच ओरडली. "पाय आहेत त्यांना! कुठेतरी जायलाच निघाले असणार. आणि ऐक, देवघरातला तांब्या जागेवर नाहीये. आज सोमवार ना?"

अंबरनाथच्या रस्त्यावर, शिवमंदिर अजून बरंच लांब असताना, ते दिसले. अनवाणी. दोन्ही हातांत तांब्या, नजर आतल्या पाण्यावर.

उन्मेषने धावत जाऊन त्यांना कवटाळलं. "अण्णा, घरी चला."

"सोडा हो, पाणी सांडेल!" अण्णांनी परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "घरी कसा येऊ? आमचा मुलगा बोटीवर असतो. तो सुखरूप परत येईपर्यंत सोमवारी चालत येऊन पाणी घालीन, असं शंकराला बोललोय मी. अजून आला नाही तो."

उन्मेषने स्कूटर झाडाखाली लावली, चपला काढून डिकीत टाकल्या, आणि गाड्यांच्या बाजूला स्वतः राहून, अण्णांच्या पावलाने, स्वतःच्याच सुखरूप परतण्यासाठी तो देवळाकडे चालू लागला.