दगडावरचं दुसरं नाव

थोरल्या मुलाने वडिलांच्या कबरीच्या दगडावरची चादर ओढली आणि छाती काढून बाजूला उभा राहिला. ईस्टरच्या त्या पहिल्या पहाटे येशूच्या थडग्याच्या तोंडावरची धोंड जणू यानेच लोटली होती. धाकट्या सुनेने फोटोसाठी फोन वर धरला.

काळाभोर, गुळगुळीत दगड. वर वडिलांचं नाव, दोन्ही तारखांसकट. खाली आईचं नाव, जन्मतारीख, एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. आई तिथेच काठी टेकून उभी होती.

"दोघांचं एकदमच करून घेतलं," थोरला म्हणाला. "तेवढी पुढची तारीख राहिलीय." काम अर्धवट राहिल्याची लाज वाटावी तसं म्हणाला.

म्हातारीने आपलं नाव वाचलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिला या नावाने एकदाही हाक मारली नव्हती. 'ए' एवढ्यावर त्यांचं भागलं होतं. आता ते नाव त्यांच्या पायाशी बसवलं होतं, तेही बारीक अक्षरांत.

फादर घाईघाईने आले. मरण हरलं, असं ईस्टरच्या सकाळच्या प्रार्थनेत सांगून झालं होतं. आता दुपारच्या जेवणाआधी उरलेल्या कबरी उरकायच्या होत्या. त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं.

"संगमरवर का?" त्यांनी विचारलं.

"ग्रॅनाइट," धाकटा म्हणाला. "पॉलिश शंभर वर्षं जात नाही."

"फार सुंदर."

पुनरुत्थानाबद्दल तिथे एवढंच बोलणं झालं. म्हातारीला दोन्ही मुलांची आणि फादरांची मनापासून किळस आली. या मातीत सगळ्यांना पूर्वेकडे पाय करून पुरत. शेवटच्या दिवशी हाक आली की उठून बसताच तोंड उजेडाकडे हवं. लहानपणी ऐकलेलं हे तिने खरंच मानलं होतं. मुलांनीही पूर्व-पश्चिम काटेकोर पाहिली होती, अगदी होकायंत्र लावून. नवऱ्याशेजारी हातभर अंतरावर तिची जागा आखून ठेवली होती. तिला विचारायचं तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दगड बसवणारा कारागीर कडेला सिमेंटचे हात पुसत होता. ती त्याच्याकडे वळली.

"हे खालचं नाव काढता येतं का हो?"

"पुसलं जायचं नाही, आजी. छिन्नीनं तासावं लागेल. खड्डा राहील."

"राहू दे. मला त्या टोकाला पुरा, भिंतीपाशी."

"आई, लोक बघतायत," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला. सुनेने फोन हळूच खाली घेतला.

"बाई, त्या दिवशी नवरा-बायकोने बरोबरच उठावं," फादर लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले. "त्यात वाईट काय आहे?"

"फादर, माणसं उठणार हे तुम्हाला खरं वाटत नाही, म्हणून तुम्हाला कुठलीही जागा चालते. मला खरं वाटतं." तिने दगडाकडे काठी केली. "उठल्यावर सगळे देवाकडे बघत असतील, आणि हे माझ्याकडे वळून विचारतील, चहा कुठंय."

थोरल्याने रागाने कारागिराकडे पाहिलं आणि मान हलवून नको म्हटलं.

कारागिराने आधी थोरल्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. तो गुडघ्यांवर बसला आणि तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर त्याने छिन्नी टेकवली.